जमिनींतून निघणाऱ्या धातुवस्तु व त्यांची छायाचित्र-नोंद

१. प्रयोजन

इतिहासाच्या साधनांत धातूच्या वस्तूंचें स्थान फार वरचें आहे. कागदास वाळवी लागते, कापड कुजतें, लांकूड जळतें. परंतु तांब्याचा पत्रा, शिशाचें नाणें किंवा काशाची मूर्ति हजार-दोन हजार वर्षें मातींत राहूनहि पुष्कळ वेळां आपली ओळख टिकवून असते. करवीर प्रांताचा सातवाहनकालीन इतिहास तर बव्हंशीं अशा वस्तूंच्याच आधारावर उभा आहे. मात्र वस्तु ज्या क्षणीं जमिनींतून उचलली जाते, त्याच क्षणीं तिच्या पुराव्याचा एक भाग नष्ट होतो. वस्तु हातांत राहते. ती कोठें, किती खोल, कशाच्या शेजारीं आणि कोणत्या थरांत पडली होती, हें मात्र जातें. तें टिकवून धरण्याचें सर्वांत सुलभ साधन आज छायाचित्र हें आहे. तें कसें घ्यावें, त्यासोबत काय लिहावें व तें कसें जतन करावें, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

हा विचार आतांच करण्यास एक निकडीचें कारण आहे. धातुशोधक यंत्रें बाजारांत सहज मिळूं लागलीं आहेत. इ. स. २०२५ च्या मार्च महिन्यांत बऱ्हाणपूर जिल्ह्यांतील असीरगडच्या परिसरांत, मोगलकालीन सोन्याचीं नाणीं शेतांत सांपडतात अशी आवई उठली, आणि लोक रात्रीं विजेऱ्या व हीं यंत्रें घेऊन शेतें खणूं लागले, हें वृत्त सर्वांनीं वाचलेंच आहे. अशा रात्रींत तेथें काय निघालें व काय मोडलें, ह्याचा हिशेब कोणासहि पुन्हा मांडतां यावयाचा नाहीं.

ह्या यंत्राची रचना समजण्यास कठीण नाहीं. काठीच्या टोकास तारेचें वेटोळें असतें. त्यांतून सतत दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह सोडला म्हणजे भोंवतीं चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. त्या क्षेत्रांत धातूचा तुकडा आला कीं त्याच्या अंगांत भोंवऱ्यासारखे प्रवाह उठतात, व त्या प्रवाहांचें उलट क्षेत्र जाणवून यंत्र नाद करितें. म्हणजे यंत्रास फक्त धातु कळतो, काळ कळत नाहीं. सातवाहनांचें नाणें, पेशवाईंतील शिवराई आणि कालचें बाटलीचें झांकण हीं त्याला सारखींच. नाण्याएवढी वस्तु त्यास साधारणतः वीतभर खोलीपर्यंतच लागते. आणि आमच्याकडील जांभ्या व काळ्या खडकाची माती लोहयुक्त असल्यामुळें तें वरचेवर फसतेंहि. नाद होतो तेवढाच खड्डा खणला जातो, धातु तेवढा उचलला जातो, आणि भोंवतालचीं खापरें, विटा, राख, हाडें हीं निरुपयोगी म्हणून फेकलीं जातात. संशोधकास मात्र धातूचा काळ सांगणारे साक्षीदार तेच असतात.

संस्कृताच्या अभ्यासकांस 'सैंधव' ह्या शब्दाचें उदाहरण परिचित आहे. सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे घोडाहि. 'सैंधव आण' असें कोणी म्हटलें, तर तो पानावर बसला आहे कीं प्रवासास निघाला आहे, ह्यावरून अर्थ ठरतो. प्रकरणावांचून शब्द मुका असतो. वस्तूचेंहि तसेंच आहे. छायाचित्र-नोंद म्हणजे वस्तूचें प्रकरण लिहून ठेवणें होय.

२. एका ठशाखालीं दुसरा ठसा

छायाचित्रांत किती बारीक गोष्ट यावी लागते, हें समजण्यास कोल्हापूरच्याच नाण्यांचें उदाहरण घेऊं. इ. स. १८७७ सालीं पंचगंगेच्या कांठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर शिशाच्या व मिश्रधातूच्या नाण्यांचा सांठा सांपडला. त्या नाण्यांच्या एका बाजूस धनुष्यबाण व दुसऱ्या बाजूस चैत्य आणि वृक्ष असून, त्यांवर तीन नांवें येतात : वासिठीपुत विळिवायकुर, माढरीपुत सिवलकुर आणि गोतमिपुत विळिवायकुर. हे तिघे कोण, ह्यावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. टॉलेमीच्या भूगोलांत हिप्पोकूर येथें राज्य करणारा म्हणून जो बलेओकूर राजा सांगितला आहे, तो ह्यांपैकींच असावा, असें डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांनीं सुचविलें होतें.

तथापि प्रस्तुत प्रश्न वेगळा आहे. ह्या तिघांत आधीं कोण व मागाहून कोण? नाण्यांवर शक नाहीं, राज्यवर्ष नाहीं, पित्याचें नांवहि नाहीं. ह्याचा निर्णय पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांच्या सूक्ष्म निरीक्षणानें लागला. कांहीं नाणीं न वितळवितां त्यांवरच नव्या राजाचा ठसा मारलेला होता. वासिठीपुताच्या नाण्यांवर माढरीपुताचा ठसा, आणि ह्या दोघांच्याहि नाण्यांवर गोतमिपुताचा ठसा आढळला. खालचा ठसा जुना, वरचा नवा. म्हणून वासिठीपुत पहिला, माढरीपुत दुसरा व गोतमिपुत तिसरा. रॅप्सन ह्यानें ब्रिटिश म्युझियममधील आंध्र व क्षत्रप नाण्यांची जी सूचि १९०८ सालीं प्रसिद्ध केली, तींतहि हाच क्रम मान्य झाला.

तीन राजांचा क्रम ज्यावर ठरला तो पुरावा म्हणजे नव्या ठशाखालून डोकावणारी एखादी बाणाची रेघ किंवा एका अक्षराचा कांठ. नाणें समोरून झगझगीत प्रकाशांत टिपलें तर ही रेघ दिसतच नाहीं. वाळूनें घांसलें तर ती कायमची जाते. ह्याहून मोठ्या प्रमाणावरचें उदाहरण नाशिकजवळील जोगळटेंभीचें. तेथें १९०६ सालीं नहपानाच्या चांदीच्या १३,२५० नाण्यांचा सांठा मिळाला, आणि त्यांपैकीं ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा उमटविलेला होता. क्षहरातांचा पराभव लेखांत सांगितलेला आहेच. परंतु जेत्यानें जिताचें चलन आपल्या मुद्रेनें कसें चालू ठेविलें, हें ह्या नाण्यांनीं डोळ्यांपुढें ठेविलें. तो सांठा फुटून गुजरींत वितळला असता, तर हें प्रमाण कोणास कळलें असतें?

३. वस्तु आहे, पण स्थान नाहीं

दुसरें उदाहरण पुन्हा ब्रह्मपुरीचेंच आहे. तेथें १९४४-४५ च्या सुमारास प्रा. कुंदणगार ह्यांच्या देखरेखीखालीं झालेल्या खोदकामांत काशाच्या वस्तूंचा प्रसिद्ध सांठा निघाला. त्यांत ग्रीक-रोमन समुद्रदेवता पोसायडन हिची लहान मूर्ति, रोमन धाटणीचा आरसा, इटलीच्या कॅम्पानिया प्रांतांतील घडणीचा मद्यकुंभ अशा परदेशी वस्तु होत्या, व त्यांच्याबरोबर एतद्देशीय भांडीं आणि हत्तीवरील स्वारांसारख्या आकृतीहि होत्या. पुढें १९४५-४६ सालीं डॉ. हसमुख सांकळिया व डॉ. मोरेश्वर दीक्षित ह्यांनीं डेक्कन कॉलेजतर्फे त्याच टेकाडावर थराथरानें शास्त्रीय उत्खनन केलें आणि त्याचा वृत्तांत १९५२ सालीं प्रसिद्ध झाला. पोसायडनची मूर्ति कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयाचें भूषण आहे.

ह्या सांठ्यावर कार्ल खंडालावाला ह्यांनीं १९६० सालीं स्वतंत्र लेख लिहिला; १९९१ सालीं रिचर्ड डी प्यूमा ह्यांनीं रोमन वस्तूंची पुन्हा छाननी केली. दोघांचेंहि मुख्य साधन वस्तूंची घडण हेंच होतें. कोणती वस्तु कोणत्या वस्तूला टेकून होती, ह्याचा प्रत्येक वस्तूगणिक चित्रित पुरावा असता, तर कोणती वस्तु व्यापारी माल, कोणती घरगुती व कोणती मोडीसाठीं जमविलेली, ह्या प्रश्नांस निराळेंच बळ मिळालें असतें. विद्वानांची योग्यता येथें अपुरी पडत नाहीं. जमिनीची साक्ष तेवढी अपुरी पडते.

दायमाबादचें उदाहरण ह्याहून बोलकें आहे. अहमदनगर (आतांचा अहिल्यानगर) जिल्ह्यांत प्रवरेच्या कांठीं १९७४ सालीं एका शेतकऱ्यास झुडपाचें मूळ खणतांना रथ, हत्ती, गेंडा व म्हैस अशीं काशाचीं चार भरीव शिल्पें सांपडलीं. त्यांचें एकंदर वजन ६० किलोहून अधिक आहे. कारागिरी पाहून तीं उत्तर-हडप्पा काळचीं मानणारा पक्ष प्रबळ आहे. परंतु तीं शास्त्रीय उत्खननांत थरांतून निघालेलीं नसल्यामुळें, धातूंतील सोमलाचें प्रमाण पुढें करून त्यांच्या प्राचीनतेबद्दल शंका घेणारेहि झाले. पुढें त्या ठिकाणीं मोठें उत्खनन झालें. तरी शिल्पें उचलल्या क्षणाचा पुरावा त्यानें परत आणतां आला नाहीं. खड्ड्याच्या भिंतीचें एक स्वच्छ छायाचित्र त्या दिवशीं घेतलें गेलें असतें, तर ह्या वादाचें स्वरूपच बदललें असतें.

४. कायदा प्रथम

येथें एक गोष्ट निःसंदिग्धपणें सांगितली पाहिजे. हा लेख यंत्र घेऊन टेकाडें धुंडाळण्यास उत्तेजन देण्यासाठीं नाहीं. संरक्षित स्मारकें, गड व पुरातन स्थळें ह्यांच्या हद्दींत परवान्यावांचून खणणें हा १९५८ च्या केंद्रीय कायद्यानें गुन्हा आहे. खाजगी शेतांतहि मालकाच्या अनुमतीवांचून खणण्याचा अधिकार कोणास नाहीं. इंग्लंडमध्यें जमीनमालकाच्या संमतीनें यंत्र चालवितां येतें, आणि १९९७ पासून तेथील सरकारी योजनेंत लोकांनीं आणलेल्या वस्तूंची छायाचित्रांसह नोंद होते. तशा दहा लाखांहून अधिक नोंदी झाल्या आहेत. त्यांची नोंदपद्धति घेण्यासारखी आहे. त्यांचा कायदा मात्र आमचा नव्हे.

आमच्याकडे नांगरट, विहिरीचें काम, घराचा पाया, रस्ता किंवा नदीचा गाळ ह्यांतून वस्तु अकस्मात् निघतात, तेव्हांचें कर्तव्य १८७८ च्या निखातनिधीच्या कायद्यानें सांगितलें आहे. दहा रुपयांहून अधिक किंमतीचा निधि सांपडल्यास सांपडणाऱ्यानें जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावें, आणि त्यांत निधीचें स्वरूप व अदमासें किंमत, सांपडल्याचें ठिकाण व सांपडल्याची तारीख हीं द्यावीं, असें तो सांगतो. निधि दडविल्यास आपला हक्क जातो व शिक्षाहि होते. येथें एक लौकिक गैरसमज दूर केला पाहिजे. 'सरकारला कळविलें कीं सर्व गेलें' असें गांवोगांव म्हणतात. परंतु सांपडणाऱ्याचा व जमीनमालकाचा वांटा त्याच कायद्यांत सांगितला आहे, आणि सरकारनें निधि स्वतः घेतल्यास मोबदला देण्याची तरतूदहि आहे. ह्याशिवाय १९७२ च्या पुरावस्तु-कायद्यान्वयें मूर्तींसारख्या वस्तूंची नोंदणी करतांना अर्जासोबत छायाचित्रें द्यावीं लागतात. तात्पर्य, खालीं सांगितलेली नोंद कायद्याला पर्याय म्हणून नव्हे, तर कायद्याच्या पालनास साह्य म्हणून करावयाची आहे.

५. छायाचित्र घेण्याची पद्धति

(अ) जागेवर. वस्तु दिसतांच हात थांबवावा. ती उपटूं नये, पुसूं नये. प्रथम तीन छायाचित्रें घ्यावीं : एक दुरून, ज्यांत विहीर, देवळाचें शिखर, बांधावरचें झाड अशी कायमची खूण येईल, दुसरें मध्यम अंतरावरून, ज्यांत सर्व खड्डा दिसेल, तिसरें अगदीं जवळून. प्रत्येकांत सेंटिमीटरची मोजपट्टी, उत्तर दिशेचा बाण आणि तारीख व अनुक्रमांक लिहिलेली पाटी असावी. नंतर खड्ड्याच्या उभ्या भिंतीचें छायाचित्र घ्यावें, म्हणजे मातीचे थर उमटतात. आसपासचीं खापरेंहि टिपावीं. नाणीं मडक्यांत असल्यास मडकें पालथें करूं नये. वरचा थर टिपावा, उचलावा, पुन्हा टिपावा. सांठा एकदम पुरला कीं वर्षानुवर्षें भर पडत गेली, हें कित्येकदां थरांच्या क्रमावरूनच कळतें. शक्य तेथें वस्तु न उचलतां पुरातत्त्व खात्याच्या माणसाची वाट पाहणें हेंच सर्वोत्तम.

(आ) प्रकाश. समोरून पाडलेला प्रखर झोत उठाव मारून टाकतो. एकच दिवा, वस्तूच्या वरच्या डाव्या अंगास, जमिनीलगत तिरपा ठेवावा. समोरच्या बाजूस पांढरा कागद उभा केल्यास सांवल्या सौम्य होतात. डावीकडून वरच कां? आपल्या डोळ्यांस प्रकाश वरून येण्याची संवय आहे. तो खालून आल्यास उठावदार अक्षर खोदल्यासारखें व खोदलेलें उठावदार भासतें. दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी कीं, प्रकाशाच्या दिशेला समांतर असलेल्या रेघेची सांवली पडत नाहीं. म्हणून दिवा काटकोनांत फिरवून दुसरें छायाचित्र घ्यावेंच. वर सांगितलेली खालच्या ठशाची रेघ पहिल्या चित्रांत लपली असेल, तर ती दुसऱ्यांत सांपडते. आरशासारख्या गुळगुळीत पृष्ठावर मात्र पातळ पांढऱ्या कापडांतून गाळलेला प्रकाशच योग्य.

(इ) मोजपट्टी व अंतर. मोजपट्टी वस्तूच्या ज्या पृष्ठाचें चित्र घ्यावयाचें त्याच पातळीवर असावी. जाड वस्तूच्या पायथ्याशीं ठेवलेली पट्टी खोटें माप सांगते. नाण्याशेजारीं रुपया ठेवण्याची चाल सोडावी. रुपयाचा आकार अनेकदां बदलला आहे. मोबाईल फार जवळ नेल्यास मधला भाग फुगतो. हातभर दूर राहून चित्र मोठें करून घ्यावें. मोबाईल विटांवर टेकवून स्थिर ठेवणें उत्तम.

(ई) बाजू. नाण्याच्या दोन्ही बाजू एकाच मापानें घ्याव्या, आणि कडेचें तिसरें चित्र घ्यावें. ओतीव बनावट नाण्याची सांध पुष्कळदां कडेवरच दिसते. एक बाजू उभी धरून नाणें फिरविल्यास दुसरी बाजू सरळ येते कीं उलटी, हें लिहावें. मूर्तीच्या पुढील, पाठीमागील, दोन्ही कुशींच्या व तळाच्या अशा पांच बाजू घ्याव्या. तळाकडे कोणी पाहत नाहीं, परंतु बैठकीची खुंटी, डाग व ओतकामाच्या खुणा तेथेंच असतात. ताम्रपट असल्यास कडी कापण्यापूर्वीं पत्रे, कडी व मुद्रा ह्यांचें एकत्र चित्र घ्यावें. शिलाहार स्वतःस सुवर्णगरुडध्वज म्हणवीत. ताम्रपटाच्या मुद्रेवरील गरुड कडीसकट वेगळा झाला, तर हा पट ह्याच मुद्रेचा, हें पुढें सिद्ध करणें अवघड होतें.

(उ) न घांसणें. शाळेंत असतांना मुलें चकचकीत केलेल्या शिवराया मला आणून दाखवीत. 'श्री राजा शिव' ह्या अक्षरांपैकीं 'श्री' तेवढी उरलेली असे. बाकी चिंचेनें व राखेनें खाल्लेली. काशावरील व तांब्यावरील हिरवट-काळसर पापुद्रा हा मळ नसून वस्तूचें कवच आहे, आणि पुष्कळदां अक्षरें त्या पापुद्र्यांतच उरलेलीं असतात. शिसें त्याहून नाजूक. लांकडी खणांतील किंवा पुठ्ठ्याच्या डब्यांतील आम्ल वाफेनें त्यावर पांढरी भुकटी धरते व नाणें आंतून पोखरतें. तांब्यावर फिकट हिरवी पूड उमटूं लागली तर तोहि रोगच समजावा. अशा वस्तूचें दरवर्षीं एक चित्र त्याच प्रकाशांत, शेजारीं पांढरा कागद ठेवून घेतल्यास रोग वाढतो कीं थांबतो हें कळतें. आणि वस्तु नष्टच झाली, तर तें चित्र हाच शेवटचा पुरावा ठरतो.

६. नोंदवही व जतन

नांवगांव नसलेलें छायाचित्र म्हणजे रुमालांतून सुटलेला कागद. दप्तरांत काम केलेल्यास ठाऊक आहे कीं, रुमालाबाहेर पडलेला पत्राचा तुकडा कितीहि सुवाच्य असला तरी तो कोणाचा, कोणास, हें ठरविण्यांत दिवस जातात. म्हणून प्रत्येक वस्तूस एक अनुक्रमांक द्यावा, आणि तोच वस्तूच्या पाकिटावर, पाटीवर, छायाचित्राच्या नांवांत व वहींत असावा. वहींत पुढील रकाने असावे : अनुक्रमांक, सांपडल्याची तारीख, गांव, तालुका व सातबारावरील गट क्रमांक, खोली, मातीचें वर्णन, सोबत काय सांपडलें, धातु, ग्रॅममध्यें वजन, मिलिमीटरमध्यें माप, दिसेल तेवढाच लेख, छायाचित्रांचे क्रमांक, वस्तु आतां कोणाच्या ताब्यांत आहे, कोणत्या कार्यालयास केव्हां कळविलें. लेखाचे वाचन व तर्क ह्यांसाठीं वेगळा रकाना ठेवावा. डोळ्यांस दिसलेलें व मनानें पुरें केलेलें ह्यांची सरमिसळ होणें, हा पोथींच्या संपादनांत दोष तसाच येथेंहि दोष.

मूळ छायाचित्रास हात लावूं नये; उजळ करणें, कातरणें, बाण काढणें हें सर्व प्रतीवर करावें. आजकाल चित्रें मोबाईलवरील निरोपांतून पाठविण्याची रीत पडली आहे. तसें पाठवितांना चित्र दाबून लहान केलें जातें, आणि त्याच्या पोटांत नोंदलेली वेळ व स्थान हीं बहुधा गळून पडतात. म्हणून अशी प्रत मूळ समजूं नये. मूळ फाईल जशीच्या तशी उतरवून घ्यावी. तिच्या तीन प्रती असाव्या, त्यांपैकीं एक दुसऱ्या घरीं. कागदावरील छापाचेंहि महत्त्व कमी नाहीं. चांगल्या कागदावर छापून पाठीमागें मऊ शिसपेन्सिलीनें क्रमांक लिहिलेलें चित्र, यंत्रें बदललीं तरी वाचतां येतें. नेमकें स्थान मात्र चारचौघांत प्रसिद्ध करूं नये. तें वहींत व अधिकाऱ्याकडे असावें. चावडीवर गेल्यास दुसऱ्या रात्रीं तेथें कुदळी चालतील.

छायाचित्राची मर्यादाहि ओळखावी. त्यानें वजन कळत नाहीं, धातूंचें प्रमाण कळत नाहीं, आणि चतुर बनावट नेहमींच उघडी पडते असें नाहीं. पूर्वीं नाण्यांचे प्लास्टरचे ठसे घेऊन त्यांचीं चित्रें छापीत. तसे ठसे तज्ज्ञानेंच घ्यावे. छायाचित्र हा वस्तूचा मुखत्यार आहे, धनी नव्हे. वस्तूची जागा संग्रहालयांतच.

आपल्या प्रांतांत पंचगंगा, वारणा, दूधगंगा ह्यांच्या कांठीं जुन्या वस्त्यांचीं टेकाडें आहेत, आणि त्यांवर नांगर, यंत्र व इमारतींचे पाये रोज चालत आहेत. शास्त्रीय उत्खनन प्रत्येक टेकाडावर होईल अशी आशा नाहीं. परंतु प्रत्येक गांवांत एक शिक्षक, एक तलाठी व एक मोबाईल आहे. ह्या तिघांनीं मनांत आणल्यास पुढील नांगरटींत निघणारी वस्तु आपल्या स्थानासह इतिहासांत येईल. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं पूर्वीं सांपडलेल्या वस्तु असतील, त्यांनीं आरंभ त्यांपासूनच करावा : घरांतील वृद्धांस ठिकाण आठवत आहे तोंवर तें विचारून वहींत उतरवावें, वस्तूचीं चित्रें वर सांगितल्या रीतीनें घ्यावीं, आणि वही व चित्रांची एक प्रत जिल्ह्यांतील संग्रहालयाच्या अधिकाऱ्यांस नेऊन दाखवावी.